सात नंबरचं पाकीट

२० जून २०१२

प्रति,
आजीव सभासद क्रमांक १

स. न. वि. वि.

संस्थेच्या घटनेतल्या कलम चौदानुसार प्रत्येक आजीव सभासदाला वार्षिक हिशेब पोहोचवणं खजिनदारावर बंधनकारक आहे. म्हणून गेल्या वर्षाचा जमाखर्च आणि ताळेबंद सोबत पाठवत आहे. पत्र केवळ त्यासाठी आहे, गैरसमज नसावा.

गेल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त आपणांस मिळालं नसेल, कारण दोनच दिवसांनी आपण घर बंद करून मुलीकडे राहायला गेलात. त्यातला संबंधित भाग उतरवून देते. ‘ऑडिटरांच्या सूचनेवरून अनामतीची सर्व बंद पाकिटं अध्यक्ष व खजिनदार यांनी उघडली. एकसष्ट पाकिटांपैकी अठरा पाकिटांत नोटांऐवजी नोटेच्या मापाचे कोरे कागद आढळले. तूट नऊ हजार चारशे. संस्थापकांना विचारलं असता त्यांनी “पाकिटं उघडायची नव्हती” एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व रक्कम स्वतःच्या खात्यातून भरली व राजीनामा दिला.’ यात एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

आता आजारी माणसांना वस्तू वापरायला देण्याची नवी पद्धत. दर जुनेच: वॉकरला तीनशे, चाकाच्या खुर्चीला पाचशे, पलंगाला हजार. अनामत टेबलावर मोजून घ्यायची, पावती द्यायची, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. आपल्या काळात लोक पाकिटात पैसे घालून चिकटवायचे, आपण वर वस्तूचा नंबर घालून ते हिरव्या कपाटात ठेवायचात, आणि वस्तू ज्याने नेली त्याने स्वतः आणून दिली की तेच पाकीट न उघडता त्याच्या हातात द्यायचात. हे ऐकून ऑडिटरबाईंनी आधी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पाणी मागितलं.

संस्थेची शिल्लक अडतीस हजारांवरून एक्कावन्न हजारांवर गेली आहे. बाहेर दिलेल्या वस्तू एकसष्टवरून सेहेचाळीसवर आल्या. लोकांच्या तब्येती सुधारल्या असाव्यात.

आपली,
खजिनदार

ता. क. वहिनीला सांग, तिचा कुंडीतला कढीपत्ता मी आमच्या गच्चीत आणून ठेवलाय. झाडावर कुणाचा राग नाही.


२८ जून २०१४

दादा,

‘आपणांस’ लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. ज्याने मला सायकल शिकवताना गटारात पाडलं त्याला काय आपणांस! तर हिशेब सोबत आहे, कलम चौदाप्रमाणे.

संस्था कधी नव्हे इतकी श्रीमंत झालीय. शिल्लक ब्याण्णव हजार. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, आता म्हातारपणी आपल्या संस्थेच्या मोजतेय, आणि खरं सांगायचं तर मजा येते. दर शनिवारी दुपारी मी त्या खोलीत बसते. शेजारच्या छापखान्याचं मशीन धडधडत असतं, टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरत असतो, आणि माझी बेरीज जुळते. भाडं थकलेलं नाही. सुताराचं बिल महिन्याच्या महिन्याला जातं. तुझ्या राज्यात तो बिचारा चहावर कामं करायचा, आता पलंगाचे पाय दुरुस्त करून ताठ मानेने पावतीवर सही करतो.

आणि एक गंमत. लोक अनामत परतच घेत नाहीत! दोन वर्षांत नऊ जणांनी वस्तू आणून दिली, मी पैसे काढून समोर ठेवले, तर म्हणाले, ‘नको, राहू द्या संस्थेला.’ चार हजार सातशे झाले असे. मी ‘देणगी’ सदरात घातले. सभेत सांगितलं, की कारभार चोख असला की लोक आपण होऊन देतात. टाळ्या पडल्या. तुला टोमणा मारत नाहीये. बरं, थोडासा मारतेय.

आपले अध्यक्ष, म्हणजे शिंपीकाका, मात्र उदास असतात. म्हणतात, ‘ताई, पैसा वाढतोय आणि गिऱ्हाईक घटतंय. माझ्या दुकानात असं झालं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरी उसवलंय.’ बाहेर दिलेल्या वस्तू आता एकोणतीस आहेत. चाकाच्या सहा खुर्च्या भिंतीशी ओळीने उभ्या असतात. मी त्यांना म्हटलं, शिंप्याला सगळीकडे उसवलेलंच दिसतं.

वहिनीचा फोन येतो महिन्यातून एकदा, तू फिरायला गेलास की. तिला रागावू नकोस. तू माझी पत्रं उघडतोस की नाही हे मी तिला विचारत नाही आणि ती सांगत नाही. कढीपत्ता छातीएवढा झालाय.

तुझी बहीण


१४ ऑगस्ट २०१६

दादा,

या पत्रासोबत हिशेब नाही. कलमबिलम काही नाही. बसून वाच.

काल शनिवार. दुपारी तीनच्या सुमाराला एक बाई वॉकर घेऊन आली. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भाजते ती, उंच, कपाळावर पीठ लागलेलं. वॉकर पुसून लख्ख केला होता. तिची सासू गेल्या महिन्यात गेली. सहा वर्षं तो वॉकर धरून ती घरातल्या घरात फिरली, शेवटच्या दिवशीसुद्धा स्वयंपाकघरापर्यंत गेली म्हणे. वॉकरचा नंबर सात. मी रजिस्टर पाहिलं, तीनशे काढून टेबलावर ठेवले.

बाई म्हणाली, ‘हे काय? मी द्यायला आलेय, घ्यायला नाही.’ आणि पदराच्या गाठीतून तिने तीनशे काढून माझ्या तीनशेशेजारी ठेवले.

मी म्हटलं, ‘अहो, तुमची अनामत आहे ही.’

‘माझी कुठली? माझ्या पाकिटात कागद होता.’

दादा, मी रजिस्टर मिटलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

‘मी आले तेव्हा मागे चार माणसं उभी होती. त्यांतली एक माझी घरमालकीण. दादांनी पाकीट पुढं केलं. मी बटवा उघडला. त्यात काय असणार? मी नुसतीच त्यात बघत उभी राहिले. तर दादा मोठ्यांदा म्हणाले, “बाई, विसरलात का, तुमचं पाकीट सकाळीच देऊन गेलात की!” आणि खणातून एक जाडजूड बंद पाकीट काढून माझ्यासमोर त्यावर सात नंबर घातला. मी घाबरले. म्हटलं, यांनी पदरचे पैसे घातले की काय. हळूच विचारलं. तर म्हणाले, “आत छापखान्याची कात्रणं आहेत. तुम्ही वॉकर तेवढा परत आणा.” खणात तशी अजून पाच-सहा तयार होती. मला दिसली ना.’

मी त्या कात्रणांची पाकिटं अजून ठेवली होती. सुतळीने बांधून, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पुरावा म्हणून! ती गेल्यावर मी गठ्ठा सोडला. पाच वर्षांपूर्वी ते कागद पाहून मी शिंपीकाकांना म्हटलं होतं, ‘बघा, किती सफाईने कापलेत, सवयीचा हात आहे.’ होताच की सवयीचा हात. आईला औषधाच्या पुड्या करून देताना असेच सरळ कागद कापायचास तू.

मग मी जे करायला हवं होतं ते पाच वर्षं उशिरा केलं. ज्यांनी अनामत परत घेतली नाही त्यांची यादी काढली आणि गठ्ठ्यावरचे नंबर तिच्याशी ताडून पाहिले. बेकरीवाली धरून सतरा जण. सतराच्या सतरा नंबर गठ्ठ्यातले निघाले. एकही बाहेरचा नाही. अठरावी वस्तू, एक पलंग, अजून कुणाच्या तरी घरी आहे.

म्हणजे ज्यांनी दिलेच नव्हते त्यांनी घेतलेही नाहीत. मी समोर नोटा ठेवत होते, त्यांना त्यांची गरज होती, आणि तरी ते ‘राहू द्या’ म्हणून उठून जात होते. मी त्यांना दानशूर म्हणत होते. आणि माझ्या ‘देणगी’ सदरातला तो पैसा तू भरलेल्या नऊ हजार चारशेतला होता. माझ्या चोख कारभाराला टाळ्या मिळाल्या त्या तुझ्या पैशावर.

तू तेव्हा बोलला का नाहीस, हा प्रश्न रात्रभर मनात घोळला. सकाळी तोंड धुताना उत्तर आलं. सभेत घरमालकीण बसली होती. निम्मी गल्ली बसली होती. तू तोंड उघडलं असतंस तर अठरा घरांची झाकलेली मूठ उघडली असती. निदान मला एकटीला सांगायचंस. पण मी तुला एकट्याला विचारलं कुठे? ऑडिटरबाईंनी सांगितलं तसं उघडलं, मोजलं, आणि सरळ सभेत वाचलं. नाकासमोर बघून वाचलं. तुझ्याकडे पाहिलं नाही.

आता एक कबूल करते, जे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही. तूट वाचताना मला वाईट वाटत होतं हे खरं आहे, पण त्याच्या तळाशी कणभर आनंद होता. पन्नास वर्षं ‘दादासारखी हो’ ऐकलेल्या माणसाला होतो तसा. त्या कणाची मला लाज वाटते.

लहानपणी मला वजनकाट्यातला काटा म्हणायचास. इकडे नाही, तिकडे नाही, बरोब्बर मधे. दादा, काटा चुकला.

तीनशे मी तिच्याकडून घेत नव्हते. ती म्हणाली, ‘मग पुढच्याच्या पाकिटात टाका,’ आणि गेली.

काटा


२२ जून २०१७

दादा,

तुझं उत्तर नाही. असू दे. वहिनी म्हणाली की ऑगस्टमधलं पत्र तू दोनदा वाचलंस, मग चष्मा पुसलास आणि फिरायला गेलास तो जेवायच्या वेळेला आलास. एवढं मला पुरेसं आहे. पुरेसं नाही, पण चालेल.

हिशेब सोबत आहे, आणि यंदाचा वाचण्यासारखा आहे.

गेल्या ऑक्टोबरात खास सभा बोलावली, तिच्यात मी उभी राहिले. पाठीमागे एक वॉकर होता तो पुढे ओढून धरला. म्हटलं, ‘पाच वर्षांपूर्वी मी इथे तूट वाचली. ती तूट नव्हती. संस्थापकांनी संस्थेची एक पैही घेतलेली नाही, उलट नऊ हजार चारशे भरले. चूक माझी. याहून जास्त सांगणार नाही, कारण ते सांगायचा हक्क माझा नाही.’ कुणीतरी मागून विचारलं, ‘मग कागद कसले होते?’ शिंपीकाका उठले आणि म्हणाले, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढचा विषय.’ त्या माणसाला मी आयुष्यभर फुकट बटणं लावून देईन. अर्थात त्याला त्याची गरज नाही.

इतिवृत्तात दुरुस्ती झाली, लाल शाईने. प्रत जोडली आहे.

पुढचा विषय म्हणजे पाकिटं. मी ठराव मांडला की जुनी पद्धत परत आणायची. ऑडिटरबाईंशी आधी तीन शनिवार भांडले. त्या म्हणायच्या, ‘ताई, अनामत म्हणजे संस्थेचं देणं. देणं किती ते मोजायला नको?’ मी म्हणायचे, मोजू नका. शेवटी त्यांनीच वाट काढली. अनामतीची रक्कम ठरवायचीच नाही. पाकीट संस्थेचं नाही, ज्याचं त्याचं, आपण फक्त सांभाळतो. ताळेबंदाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात टीप लिहिलीय: ‘संस्थेकडे काही बंद पाकिटे विश्वासाने ठेवलेली आहेत. त्यांतील ऐवजाशी संस्थेचा संबंध नाही.’ सही करताना हसल्या. म्हणाल्या, ‘माझ्या उभ्या नोकरीत असली टीप लिहिली नव्हती.’

खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावलाय, शिंपीकाकांनी शिवून दिला. त्याच्यामागे स्टूल आणि स्टुलावर छापखान्याच्या कात्रणांचा गठ्ठा. कुणी काय भरायचं ते ज्याचं त्याने. बेकरीवालीचे तीनशे मी पहिल्या पाकिटात घातले. कुणाच्या, ते सांगणार नाही.

शिल्लक ब्याण्णववरून चौसष्ट हजारांवर आलीय. व्याज बुडालं, आणि लोक वापरायला लागले की चाकं झिजतात, सुताराचं बिल वाढतं. पण बाहेर दिलेल्या वस्तू त्र्याहत्तर! भिंतीशी एकही खुर्ची नाही. शनिवारी खोलीत शिरले की इतकी मोकळी जागा दिसते की मला उगीचच गाणं म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही. छापखानावाला तक्रार करेल.

आणि अठरावा पलंग परत आला. म्हातारा खणखणीत बरा होऊन स्वतः ढकलत घेऊन आला. मी पैशाचं नावच काढलं नाही, त्याचं जुनं पाकीट चिकटवून त्याच्या हातात दिलं. त्याने ते खिशात घातलं आणि छातीवर थोपटलं.

काटा


९ जानेवारी २०१८

दादा,

वहिनी काल फोनवर रडली. तू पडलास, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हे सगळं मला पंधरा दिवसांनी कळतंय. बरं वाटतंय का? दुखतंय का रात्री?

आणि डॉक्टर सांगतात तरी वॉकर घ्यायला तयार नाहीस म्हणे. ‘वॉकर म्हातारे वापरतात.’ तू सदुसष्टचा आहेस! बावीस वर्षं गावभर लोकांना वॉकर वाटलेस, दारोदारी जाऊन समजावलंस, ‘यात कमीपणा कसला?’ लोकां सांगे ब्रह्मज्ञान! वहिनीच्या खांद्यावर भार टाकून चालतोस, आणि तिचा खांदा तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे.

सात नंबर पाठवत आहे. सुताराने चारी पायांचे रबर बदललेत, उंची तुझ्या मापाने लावलीय. त्याला तुझी उंची पाठ होती. पार्सल गुरुवारी पोहोचेल.

सोबत एक कोरं पाकीट आहे. सगळ्यांना जो नियम तोच तुला. काय घालायचं ते तू ठरव, चिकटव आणि पाठव. नाही घातलंस काही तरी चालेल, कात्रणंही दोन-चार टाकलीत.

वापर रे. माझ्यासाठी नको, तिच्या खांद्यासाठी वापर.

काटा


३ फेब्रुवारी २०१८

दादा,

पाकीट आलं. पत्त्यावर तुझं अक्षर. साडेसहा वर्षांत तुझ्या हातचा आलेला हा पहिला कागद.

मी उघडलेलं नाही. उजेडात धरून पाहिलं, खोटं कशाला बोलू. काही दिसत नाही. हाताला जाड लागतं. नोटा म्हणाव्यात तर मऊ आहे, कात्रणं म्हणावीत तर घड्या लागतात. शिंपीकाकांना दाखवलं. त्यांनी डोळे मिटून बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, ‘कापड असतं तर सांगितलं असतं.’ वहिनीला फोन केला तर म्हणते, मला खोलीबाहेर काढून दार लावून दोन तास काहीतरी करत होते. उघडा ना, मला तरी सांगा! मी म्हटलं, वहिनी, एकदा उघडून बसले, तेवढं आयुष्याला पुरे.

वर सात नंबर घातला. हिरव्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे.

काटा


२ जून २०१८

दादा,

वहिनी म्हणते, आता वॉकरशिवाय जिना चढतोस. महिनाभर वॉकर दाराशी नुसता उभा आहे, आणि तिने कुरिअरने परत पाठवू का विचारलं तर तिच्यावर डाफरलास, ‘ज्याने नेला त्याने स्वतः आणून द्यायचा, नियम आहे!’ ती माझ्याकडे तक्रार करत होती. मी इकडे डोळे पुसत होते, फोनवर दिसत नाही ते बरं.

नियम तुझाच आहे, आणि चांगला आहे. नेणाऱ्याने यायचं, वस्तू ठेवायची, पाकीट घ्यायचं. आत पत्र असेल, शिव्या असतील, नाहीतर कोरे कागद असतील, तू माझ्यासमोर उघड किंवा खिशात घालून छातीवर थोपट. मी विचारणार नाही. खूप विचारावंसं वाटेल, पण नाही विचारणार.

तुमचं घर झाडून घेतलंय. नळाला पाणी येतं. कढीपत्ता आता माझ्याहून उंच झालाय, त्याला परत न्यायला दोन माणसं लागतील.

सभा सतरा जूनला, रविवारी, दुपारी चारला. ताळेबंद तयार आहे, बेरीज जुळली आहे. पण यंदा तो पोस्टाने पाठवत नाही. कलम चौदा मी पुन्हा नीट वाचलं. त्यात ‘पोहोचवावा’ एवढंच म्हटलंय, पोस्टाने असं कुठेही नाही. हातात देईन.

काटा